तिसऱ्या बेसवरचा हिशेब

वर्गातला सर्वांत हुशार विद्यार्थी कोण, या प्रश्नाचे उत्तर आपण कोणते गुण मोजतो यावर अवलंबून असते. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. असाच एक प्रश्न अमेरिकेत बेसबॉलच्या चाहत्यांना पिढ्यानपिढ्या पडत आला आहे: तिसरा बेस सांभाळणारा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? प्रश्न खेळातला असला तरी त्याच्या उत्तराचा इतिहास हा मोजमापाचा इतिहास आहे, म्हणून आम्ही तो येथे मांडत आहोत.

आधी मैदानाची ओळख करून घेऊ. बेसबॉलचे चार बेस एका चौरसाच्या चार कोपऱ्यांवर असतात आणि चौरसाची बाजू ९० फूट असते. फलंदाज चौथ्या कोपऱ्यावर, म्हणजे 'होम'वर उभा राहतो आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस करत पुन्हा होमवर आला की एक धाव होते. तिसरा बेस फलंदाजाच्या डाव्या हाताला येतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे जोरदार फटके नेमके तिकडेच जातात. ते अडवून चेंडू थेट पहिल्या बेसवर फेकायचा, म्हणजे चौरसाच्या कर्णाइतका. पायथागोरसच्या प्रमेयाने हे अंतर काढले तर ते सुमारे १२७ फूट भरते. म्हणजे या खेळाडूला चपळ हात आणि दणकट खांदा हवा, शिवाय फलंदाजीही चांगली हवी. अशा खेळाडूची प्रतवारी कोणत्या एका आकड्याने करायची?

सरासरीचा जन्म

बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया घातला तो हेन्री चॅडविक या पत्रकाराने. त्याचा जन्म १८२४ साली इंग्लंडमधला. न्यूयॉर्कमध्ये तो आधी क्रिकेटची वार्तापत्रे लिहीत असे, मग बेसबॉलकडे वळला. सामन्याचा तक्ता आणि फलंदाजीची सरासरी या गोष्टी रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ही सरासरी क्रिकेटच्या सरासरीहून वेगळी. यशस्वी फटके, म्हणजे हिट, भागिले फलंदाजीच्या पाळ्या, असा हा साधा भागाकार आहे. दहा पाळ्यांत तीन हिट झाल्या तर सरासरी ०.३००.

यात एक गोष्ट गाळली गेली. पिचरने चार चेंडू ठरलेल्या कक्षेबाहेर टाकले आणि फलंदाजाने मोहात न पडता ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. याला 'वॉक' म्हणतात. चॅडविकच्या मते हा पिचरचा दोष होता, त्याचे श्रेय फलंदाजाला कशाला? क्रिकेटमध्ये वाइडची धाव अवांतरात जाते, तसाच हा विचार. त्यामुळे वॉक मिळालेली पाळी सरासरीच्या हिशेबात धरलीच जात नाही. १८८७ साली एका हंगामापुरते वॉकलाही हिट मानले गेले. सरासरी भलतीच फुगली आणि तो नियम लगेच मागे घेतला गेला.

दोन खेळाडू, दोन आकडे

या सरासरीच्या राज्यात पाय ट्रेनर हा तिसऱ्या बेसचा राजा ठरला. १९२० ते १९३७ या काळात तो पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला. सरासरी ०.३२०. कूपर्सटाउन येथील हॉल ऑफ फेममध्ये पत्रकारांच्या मतांनी निवडला गेलेला तिसऱ्या बेसचा तो पहिला खेळाडू, वर्ष १९४८. १९६९ साली व्यावसायिक बेसबॉलच्या शताब्दीनिमित्त झालेल्या मतदानात तिसऱ्या बेसचा सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू म्हणूनही त्याचीच निवड झाली.

त्याच वर्षी शिकागो कब्जकडून तिसऱ्या बेसवर रॉन सँटो खेळत होता. त्याची कारकीर्द १९६० ते १९७४ आणि सरासरी ०.२७७. या दोघांची तुलना करायची म्हटली तर कोणीही ट्रेनरकडेच बोट दाखवील. आता हा हिशेब फळ्यावर मांडू.

ट्रेनर: पाळ्या ७५५९, हिट २४१६, वॉक ४७२.
सँटो: पाळ्या ८१४३, हिट २२५४, वॉक ११०८.

वॉक अंशात आणि छेदात दोन्हीकडे मिळवा. ट्रेनरसाठी २८८८ भागिले ८०३१, म्हणजे ०.३६०. सँटोसाठी ३३६२ भागिले ९२५१, म्हणजे ०.३६३. चेंडू अंगावर लागून मिळालेला बेस वगैरे किरकोळ बाबी धरून अधिकृत हिशेब केला तर दोघांचेही उत्तर ०.३६२ असे तंतोतंत सारखे येते. सरासरीत दिसणारे ४३ सहस्रांशांचे अंतर कुठल्या कुठे जाते.

मग खरा आकडा कोणता? संघाला प्रत्येक डावात तीन बळी मिळतात, नऊ डावांत २७. बळी हेच बेसबॉलमधले भांडवल. फलंदाज बाद न होता बेसवर किती वेळा पोहोचतो, हे म्हणूनच महत्त्वाचे. १९५४ साली ब्रँच रिकी या व्यवस्थापकाने ॲलन रॉथ या आकडेतज्ज्ञाच्या मदतीने 'लाइफ' साप्ताहिकात हाच मुद्दा मांडला होता. पण बेसवर पोहोचण्याच्या या प्रमाणाला अधिकृत मान्यता मिळायला १९८४ साल उजाडले.

दुसरा प्रश्न काळाचा. १९३० साली नॅशनल लीगमधील सर्व फलंदाजांची मिळून सरासरी ०.३०३ होती. १९६८ साली ती ०.२४३ वर आली. पिचर इतके वरचढ झाले की त्या हंगामानंतर त्यांचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. सोप्या पेपरातले ८० गुण आणि अवघड पेपरातले ७० गुण यांची तुलना कशी करायची, हा आपल्या ओळखीचाच प्रश्न.

सँटोला या मोजमापाची किंमत मोजावी लागली. अठराव्या वर्षी त्याला मधुमेह असल्याचे कळले. घरच्या घरी रक्तातील साखर तपासण्याची सोय तेव्हा नव्हती. शरीराच्या लक्षणांवरून अंदाज बांधत तो खेळला आणि बरीच वर्षे त्याने हा आजार लपवून ठेवला. हॉल ऑफ फेमसाठी ७५ टक्के मते लागतात. १९८० साली पत्रकारांनी त्याला जेमतेम ४ टक्के मते दिली, आणि १९९८ साली, शेवटच्या संधीला, ४३ टक्के. पुढे मधुमेहामुळे त्याचे दोन्ही पाय गेले. डिसेंबर २०१० मध्ये तो वारला. त्याची निवड झाली ती बरोबर वर्षभराने, डिसेंबर २०११ मध्ये.

आजची प्रतवारी

आज 'वॉर' नावाचे माप प्रचलित आहे. या खेळाडूऐवजी सहज मिळणारा एखादा साधा राखीव खेळाडू घेतला असता तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, याचा तो अंदाज आहे. त्यात फलंदाजी, धावणे, क्षेत्ररक्षण, मैदान आणि हंगाम या सर्वांचा विचार होतो. या मापाने माइक श्मिट सुमारे १०७ वर, सर्वांच्या पुढे. त्यामागे एडी मॅथ्यूज सुमारे ९६, मग एड्रियन बेल्ट्रे, वेड बॉग्ज, जॉर्ज ब्रेट, चिपर जोन्स. सँटो सुमारे ७० वर आणि ट्रेनर ४० च्याही खाली.

श्मिट आणि ब्रुक्स रॉबिन्सन यांची जोडीही पाहण्यासारखी आहे. दोघांची सरासरी एकच, ०.२६७. पण श्मिटचे होम रन ५४८, रॉबिन्सनचे २६८. बेसवर पोहोचण्याचे प्रमाण श्मिटचे ०.३८०, रॉबिन्सनचे ०.३२२. तरीही रॉबिन्सन ७८ च्या आसपास पोहोचतो तो क्षेत्ररक्षणाच्या बळावर. उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार त्याला १६ वेळा मिळाला. मात्र जुन्या काळातील क्षेत्ररक्षणाचे आकडे हे बरेचसे अनुमान असते, हे विसरता कामा नये.

आणि ज्यांना मैदानातच येऊ दिले नाही त्यांचे काय? ट्रेनर खेळत होता तेव्हा कृष्णवर्णीयांना मुख्य लीगमध्ये प्रवेश नव्हता. ही बंदी १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने मोडली. तिसऱ्या बेसचा नामांकित खेळाडू रे डँड्रिज निग्रो लीग व मेक्सिकोत खेळला. १९५० साली, चाळिशीकडे झुकलेला असताना, तो दुय्यम लीगमधला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. तरीही वरच्या संघात त्याला कधीच बोलावले गेले नाही. १९८७ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. निग्रो लीगचे आकडे मुख्य नोंदीत समाविष्ट झाले ते मे २०२४ मध्ये. तोवर 'सर्वकालीन श्रेष्ठ' हे शब्द अर्धवटच होते.

वर्गात हा हिशेब जरूर करून पाहावा. आधी फक्त हिट आणि पाळ्या द्याव्यात आणि विद्यार्थ्यांना मत विचारावे. मग वॉकचा रकाना द्यावा, आणि नंतर त्या त्या काळातील लीगची सरासरी. प्रत्येक वेळी किती जणांनी मत बदलले ते फळ्यावर लिहावे. भागाकार तर पहिल्यापासून बरोबरच असतो. मग मते का बदलली, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.