कान्हेरीच्या चैत्यात बिशप

बोरिवली स्टेशन विसरा. देशात पहिली प्रवासी रेल्वे धावायला अजून 28 वर्षं आहेत. तुळशी आणि विहार तलावही झालेले नाहीत. 1825 चा उन्हाळा आहे, साष्टीचं जंगल रखरखलंय आणि कान्हेरीच्या लेण्यांची चढण चढताना तुमचा घसा कोरडा पडलाय. कातळातल्या पोढीत, म्हणजे पाण्याच्या टाक्यात, वाकून पाहा, तळाशी पाणी असेल.

मोठ्या चैत्यापाशी थांबा. आतला तो गोरा साहेब म्हणजे रेजिनाल्ड हेबर, कलकत्त्याचा बिशप. वय 42. नावाला कलकत्त्याचा, सगळा हिंदुस्थान, सिलोन, शिवाय ऑस्ट्रेलियातली वसाहतसुद्धा त्याच्याच पदरात. असा कारभार बसून कसा व्हायचा? गेल्या जूनमध्ये तो गंगेतून होडीनं निघाला. दिल्ली, जयपूर, गुजरात करत एप्रिलमध्ये मुंबईला पोचला. वाटेत नडियादला स्वामिनारायण संप्रदायाच्या सहजानंद स्वामींना भेटला. स्वामींबरोबर हत्यारबंद स्वार, याच्याबरोबरही हत्यारबंद स्वार! ही विसंगती त्यानं स्वतःच रोजनिशीत टिपली, म्हणून मला हा माणूस आवडतो.

व्हरांड्यात या. दोन्ही टोकांना वीस फुटांहून उंच बुद्ध, आत खांबांच्या रांगा आणि स्तूप. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी याच चैत्यात चर्च थाटलं होतं. म्हणजे बौद्धांचा चैत्य, त्यात कॅथलिकांचं चर्च, आणि आता निरखतोय अँग्लिकन बिशप. हिंदुस्थान पाहण्याआधीच, 1819 मध्ये, यानं मूर्तिपूजकांना आंधळं ठरवणारं एक गीत लिहिलं होतं. ते विलायतेत गायलं जातं. इथं मात्र त्याची नजर कोरीवकामावरून हलत नाही. मत बदललं असं मी म्हणणार नाही. धर्मांतराचं काम त्यानं सोडलेलं नाही. पण घरबसल्या लिहिणं निराळं आणि चढण चढून पाहणं निराळं.

तुम्ही आता उतरा, त्याला पुष्कळ कामं आहेत. ठाण्याच्या चर्चचा अर्पणविधी, भायखळ्याच्या शाळेची पायाभरणी, मग घाट चढून पुणं. ऑगस्टमध्ये तो सिलोनला निघेल. 3 एप्रिल 1826 रोजी, तिरुचिरापल्लीत, भर उन्हातून आल्यावर स्नानाच्या हौदात त्याचा मृत्यू होईल. बिशपपदाची तीन वर्षंही पुरी होणार नाहीत. त्याची रोजनिशी पत्नी अमेलिया 1828 मध्ये छापून आणेल. एवढा पसारा एका माणसाला झेपणारा नव्हताच. तरी मुंबईला स्वतःचा बिशप, थॉमस कार, मिळायला 1837 साल उजाडलं.