जनुकाची अक्षरे आणि जनुकाचे वेष्टन
उल्हासनगरच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके एकामागून एक लागतात. यांपैकी पहिल्या गावाचा इतिहास अर्वाचीन आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिला उल्हासनगर हे नाव दिले. निर्वासितांची घरेदारे मागे राहिली; रक्तातील वारसा मात्र त्यांच्याबरोबर आला. बीटा थॅलसेमिया या आनुवंशिक रोगाचे वाहक भारतात सरासरी ३ ते ४ टक्के मानले जातात. सिंधी समाजात हे प्रमाण त्याहून बरेच अधिक आहे. ज्या जनुकातील दोषामुळे हा रोग होतो, त्याच जनुकाच्या अभ्यासाने जीवशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न कसा उकलत गेला, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न असा : शरीरातील बहुतेक सर्व पेशींत तीच जनुके असतात, मग हिमोग्लोबिन केवळ रक्तपेशीच का तयार करतात? पेशीकेंद्रातील जो पदार्थ रंग शोषून घेतो, त्यास वाल्टर फ्लेमिंग याने क्रोमॅटिन हे नाव दिले, त्यास आता जवळजवळ दीड शतक होत आले. १९२८ साली एमिल हाइट्स याने त्याचे दाट व विरळ असे दोन प्रकार वेगळे केले. १९६४ साली ऑलफ्री, फॉकनर व मर्स्की यांनी असे सुचविले की, डीएनएला चिकटलेल्या हिस्टोन प्रथिनांतील रासायनिक बदलांचा जनुकांच्या कार्याशी संबंध असावा. १९७४ साली रॉजर कोर्नबर्ग याने क्रोमॅटिनचे एकक मांडले : आठ हिस्टोन रेणू आणि त्यांच्याभोवतीचा सुमारे २०० अक्षरजोड्यांचा डीएनए. रिळावर दोरा गुंडाळावा, तशी ही रचना आहे.

वेष्टनाचा व कार्याचा संबंध प्रत्यक्ष दाखविला तो १९७६ साली वाइनट्रॉब व ग्रुडीन यांनी. डीएनए तोडणारे एक विकर त्यांनी कोंबडीच्या पिलांच्या पेशीकेंद्रांवर वापरले. रक्तपेशींत ग्लोबिनची जनुके त्वरित तुटली. अन्य पेशींत तीच जनुके सुरक्षित राहिली. अर्थात, जेथे जनुक कार्यरत होते तेथे त्याचे वेष्टन सैल होते.

परंतु सैल वेष्टन हे कार्याचे कारण की परिणाम, ही शंका उरतेच. तिच्यावर प्रकाश पडला तो एका डच रुग्णामुळे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रकरणात रुग्णाचे बीटा ग्लोबिन जनुक निर्दोष होते. तरीही ते मूक होते. त्याच्या अलीकडचा मोठा भाग गळून गेला होता व जनुकाभोवतीचे क्रोमॅटिन निष्क्रिय स्वरूपाचे झाले होते. १९८७ साली ग्रोसव्हेल्ड व सहकाऱ्यांनी दूरवरचे ते नियंत्रक क्षेत्र जनुकास जोडून उंदरांत घातले, तेव्हा जनुक पूर्ण क्षमतेने कार्य करू लागले. अक्षरे शुद्ध असूनही ग्रंथ मिटलेला असेल तर तो वाचता येत नाही, हे यावरून सिद्ध झाले.

सिंधी कुटुंबांतील दोष बहुधा याच्या उलट असतो. त्यांच्यात विशेषत्वाने आढळणाऱ्या एका प्रकारात जनुकाची ६१९ अक्षरेच गळालेली असतात. येथे वेष्टन उघडते, पण मजकूर तुटका असतो. असा दोष टिकला कसा, याचे उत्तर जे. बी. एस. हॉल्डेन यांनी सुचविले होते : वाहकांस हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे. त्यांचा तो निबंध १९४९ सालचा, म्हणजे उल्हासनगरच्या नामकरणाच्याच वर्षाचा आहे. तेव्हा हा वारसा कोणत्याही समाजाचा कलंक नव्हे. तो मूळ प्रदेशातील रोगराईशी झालेल्या दीर्घ झुंजीचा अवशेष आहे.

उपायाची वाट मात्र पुन्हा वेष्टनाकडेच जाते. गर्भावस्थेत वेगळे, गॅमा ग्लोबिनचे जनुक कार्य करते. जन्मानंतर ते मिटते. ते मिटविणाऱ्या बीसीएल११ए या प्रथिनाचे कार्य २००८ साली स्पष्ट झाले. त्या प्रथिनाचे रक्तपेशींतील नियंत्रणस्थान २०१३ साली सापडले, तेही वाइनट्रॉब व ग्रुडीन यांनी वापरलेल्या विकराच्याच साहाय्याने. त्याच स्थानी छेद देणाऱ्या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली.

अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लक्ष डॉलर आहे. दर दोन ते चार आठवड्यांनी मुलास रक्त चढविण्यासाठी नेणाऱ्या सामान्य कुटुंबास ती आवाक्याबाहेरची होय. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत रोगाचा संभव एकचतुर्थांश असतो, आणि वाहक कोण हे रक्ताच्या साध्या तपासणीने कळते. क्रोमॅटिनचे ज्ञान उल्हासनगरच्या घराघरांत उपचाररूपाने पोहोचेपर्यंत विवाहापूर्वीची ही तपासणी, तीही संकोच न बाळगता केलेली, हेच तेथील कुटुंबांच्या हातचे सर्वांत खात्रीचे साधन आहे.