मातीची पाळ आणि तिला राखणारे हात



झाडीपट्टीत धान लावणाऱ्याला मामा तलाव सांगावा लागत नाही. पण ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, हे आजच्या बऱ्याच पोरांना ठाऊक नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. कित्येक कोहळी समाजानं ऊस-धानासाठी बांधले. नवेगावचा मोठा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असं सांगतात.

ना सिमेंट, ना लोखंड. उताराचं पाणी मातीच्या पाळीनं अडवायचं. शेताला पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी बाजूनं काढून द्यायला सलंग. सलंग पाळीच्या माथ्यापेक्षा खाली ठेवलेला असतो, खरी हुशारी तिथंच आहे. मातीच्या पाळीवरून एकदा पाणी वाहिलं की ती कापत जाते, मग आवरत नाही.

आपलं भारी धान निसवतं तेव्हा पाऊस बहुधा निघून गेलेला असतो. त्या वेळचं एक पाणी लोंबी भरणार की पोचट राहणार ते ठरवतं. ही सगळी खटपट त्या एका पाण्यासाठी.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, १९५१ मध्ये तलाव सरकारकडे गेले. कायदा हवाच होता. मालगुजाराच्या राज्यात रयत काही सुखी नव्हती. पण मालकी बदलली, आणि दरवर्षी पाळीवर माती कोण टाकणार, तुडूम कोण बघणार, हे गावात ठरलंच नाही. पुढं लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाळ साचला, बेशरम माजली, बुडीत जमिनीवर अतिक्रमणं झाली.

माझं मत सरळ आहे. पाळ म्हातारी झाली म्हणून फुटत नाही, बघणारं कोणी नसलं की फुटते. म्हणून पावसाआधी गावानं मिळून एवढं बघावं:

– सलंग मोकळा आहे का? जास्त पाणी साठवायला त्यावर माती-दगड रचू नका.
– पाळीवर मोठी झाडं वाढू देऊ नका. मुळं कुजली की आत पोकळी राहते.
– उंदीर-खेकड्यांची बिळं बुजवा.
– तलाव भरल्यावर पायथ्याशी पाझर बघा. पाणी गढूळ येत असेल तर आतली माती वाहतेय. त्याच दिवशी खात्याला कळवा.

तुमच्या गावच्या पाळीवरून शेवटचं कोण, कधी फिरलं?