फज्रची जाग : सवय एकट्याची की वस्तीची?

सवयींच्या इतिहासावरचे हे आपले पुढचे व्याख्यान. मागच्या वेळी बोलणे संपल्यावर एक तरुण श्रोता थांबला होता. भिवंडीला गोदामात काम करतो, पाळी रात्री साडेअकराला सुटते. म्हणाला, "सर, सहा महिने झाले, रोज फज्र चुकते. गजर लावतो, बंद करतो, परत झोपतो. माझी नियतच कच्ची आहे का?"

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. धर्माचा निर्णय देणे हे आमचे काम नव्हे. पण त्याच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की पहाटे उठणे हे ज्याच्या त्याच्या मनाच्या ताकदीवर आहे. हे गृहीत इतिहासाला धरून आहे का, एवढेच आज पाहू.

आधी वेळ समजून घेऊ. फज्रची वेळ खऱ्या पहाटेपासून सूर्योदयापर्यंत. खरी पहाट म्हणजे काय? पूर्वेला आधी एक उभा, फिकट उजेड दिसतो आणि विरतो, ती खोटी पहाट. त्यानंतर क्षितिजाला समांतर पसरत जाणारा उजेड येतो, ती खरी. मुंबईत जूनमध्ये ही वेळ पावणेपाचच्या आधीच सुरू होते, जानेवारीत सहाच्या जवळ. म्हणजे ठरावीक आकड्याला उठण्याची ही सवय नव्हे. आकाश सरकेल तसे सरकावे लागते, आणि तिथेच मुळात एकट्याचे काम संपते. कोणीतरी आकाशाकडे पाहणारा लागतो.

आता मदिनेला जाऊ. सातव्या शतकातली छोटी वस्ती, मातीच्या भिंती, खजुराच्या झावळ्यांचे छप्पर. हदीसच्या संग्रहांत नोंद आहे की तिथे पहाटे दोन अजाना होत. पहिली बिलाल देत, अजून रात्र असताना. तिचा हेतूही सांगितलेला आहे : रात्रभर नमाजेत उभा असलेल्याने थोडे टेकावे आणि झोपलेल्याने जागे व्हावे. दुसरी अजान इब्न उम्म मक्तूम देत, ती प्रत्यक्ष वेळ झाल्याची. गंमत बघा, इब्न उम्म मक्तूम अंध होते. 'सकाळ झाली, सकाळ झाली' असे लोकांनी त्यांना सांगितल्यावरच ते पुकारा करत. साऱ्या गावाला उठवणारा माणूस स्वतः शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर अवलंबून होता! पहिली अजान जाग आणण्यासाठी, दुसरी वेळ सांगण्यासाठी. आजच्या भाषेत, गजर आणि घड्याळ ही दोन वेगळी कामे त्यांनी वेगळी ठेवली होती. आणि सुन्नी परंपरेत फज्रच्याच अजानीत नमाज झोपेपेक्षा चांगली, अशा अर्थाचे वाक्य जोडलेले असते. इतर चार अजानींत ते नाही. म्हणजे झोप गोड असते हे पुकारणाऱ्यालाही ठाऊक आहे.

एवढी व्यवस्था असूनही एकदा फज्र चुकली. साधीसुधी नव्हे, खुद्द पैगंबरांच्या मुक्कामावर. खैबरच्या मोहिमेवरून, इ.स. 628 मध्ये, परतताना रात्री उशिरापर्यंत प्रवास झाला. सगळे थकले. पैगंबर मुहम्मद यांनी बिलालना पहाटेवर नजर ठेवायला सांगितले. बिलाल बराच वेळ जागले, मग पूर्वेकडे तोंड करून उंटाला टेकले, आणि त्यांचा डोळा लागला. उन्हाचा चटका बसला तेव्हा सगळे जागे झाले. बिलाल म्हणाले ते असे, की ज्याने तुम्हांला धरले त्यानेच मलाही धरले. मग तळ थोडा पुढे हलवला, अजान झाली, नमाज झाली. झोपेत कसूर होत नसते, ती जागेपणी होते, अशा आशयाची हदीसही आहे. जाग येईल तेव्हा नमाज अदा करावी, हा नियम यातूनच आला.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे ॲरिस्टॉटल आठवतो. दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला दोष कुठे द्यायचा? तो म्हणतो, पिण्याच्या क्षणी. कारण न पिणे तेव्हा त्याच्या हातात होते. दोन्हीकडे बोट एकाच जागी जाते. पहाटे पाचला अंथरुणात पडलेल्या माणसाशी भांडून उपयोग नाही. आदल्या रात्री दहाला तो काय करत होता, ते विचारा.

आणि ती आदली रात्रही जुन्या परंपरेने बांधून ठेवली होती. इशाच्या नमाजेआधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे, दोन्ही पैगंबरांना नापसंत होते, अशी नोंद आहे. दुपारी थोडी वामकुक्षी, अरबीत कैलूला. झोपलेल्याच्या मानेवर सैतान तीन गाठी मारतो, अशीही एक हदीस आहे. ईश्वराचे स्मरण केले की एक सुटते, वुजू केली की दुसरी, नमाज पढली की तिसरी. याचा धार्मिक अर्थ जाणकार सांगतील. आम्हाला त्यातले शहाणपण दिसते : एकदम उठायचे नाही, एकेक गाठ सोडायची. आधी ओठ हलवा, मग पाणी, मग उभे राहा.

चारशे वर्षांनी गझाली (1058–1111) यांनी याचे शास्त्र केले. हे बगदादच्या निजामिया मदरशाचे नामांकित प्राध्यापक. 1095 मध्ये ती मानाची जागा सोडून निघून गेले. त्यांच्या 'इह्या'त चाळीस प्रकरणे आहेत. त्यातले दहावे दिवसरात्रीच्या उपासनेच्या वेळांवर आहे. रात्री उठणे सोपे कशाने होते? चार बाहेरची कारणे, चार आतली. बाहेरची ऐका : पोट भरून जेवू नये, दिवसा शरीर फार शिणवू नये, दुपारची झोप टाळू नये, दिवसा पाप करू नये. आतली चार मनाची : द्वेष आणि संसाराच्या चिंता यांपासून हृदय मोकळे असणे, मृत्यूचे भान, या उपासनेचे मोल ठाऊक असणे, आणि सर्वांत वरचे म्हणजे ईश्वरावरचे प्रेम. हे सारे रात्रीच्या जास्तीच्या नमाजेबद्दल आहे, पण फज्रलाही लागू पडते. लक्षात घ्या, एवढा मोठा सूफी विचारवंत यादीची सुरुवात जेवणापासून करतो! दुसऱ्या प्रकरणात ते म्हणतात, सुलेखनकार व्हायचे तर सुलेखनकाराचे अक्षर गिरवत राहावे, पुढे ते स्वभावात उतरते. ॲरिस्टॉटलही हेच सांगतो, घरे बांधूनच माणूस गवंडी होतो.

आता आमची फजिती सांगतो. आमचा प्रबंध ॲरिस्टॉटलच्या सवयीच्या कल्पनेवर. तीस वर्षे आम्ही पहाटे साडेचारला उठत होतो आणि त्याचा आम्हाला भारी अभिमान होता. विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून सांगायचो! मग सोसायटीने गच्चीवर टाकी बांधली आणि दोन महिन्यांत आमची जाग सातवर गेली. कारण साधे होते. साडेचारला नळाला पाणी यायचे. बायको उठायची, बादल्या वाजायच्या, शेजारच्या वहिनी कडी वाजवून "पाणी आलं हो" म्हणायच्या. जिला आम्ही आमचा सद्गुण समजत होतो, ती मजल्यावरच्या चार घरांची सवय होती. आमचे नाव फक्त तिला चिकटले होते.

मुस्लिम शहरांनी ही चार घरांची सवय किती काळजीने सांभाळली, ते पाहण्यासारखे आहे. मामलूक काळात मोठ्या मशिदींत मुवक्कित नावाचा पगारी माणूस असे. काम एकच, वेळ काढणे. दमास्कसच्या उमय्या मशिदीतले इब्न अल-शातिर हे चौदाव्या शतकातले थोर खगोलशास्त्रज्ञ याच पदावर होते. 1371 मध्ये त्यांनी तिथे मोठे सूर्यघड्याळ बसवले. कैरोत रमजानच्या रात्री छोटा ढोल घेऊन फिरणारा माणूस दारोदारी घरधन्याचे नाव घेऊन हाक मारी. एडवर्ड लेन या इंग्रजाने 1836 च्या पुस्तकात त्याचे वर्णन केले आहे. सहरीसाठी हाका मारत फिरण्याची रीत आपल्याकडच्या मोहल्ल्यांतही आहे. आणि कॉफी! पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींनी ती रात्रीच्या जपात जागे राहण्यासाठी घेतली. 1511 मध्ये मक्केत तिच्यावर बंदी आली, पण टिकली नाही.

हे मोडले कसे? ऑटोमन घड्याळात सूर्यास्ताला बारा वाजत, दिवस तिथून मोजला जाई. तुर्कस्तानने 1926 मध्ये ती पद्धत सोडली. त्याआधीच युरोपात आणि मग आपल्याकडे कारखान्याने वेळ ताब्यात घेतली होती. इंग्लंडच्या गिरणगावांत लांब काठीने खिडकी वाजवून कामगारांना उठवणारी माणसे होती, मुंबईत गिरणीचा भोंगा होता. म्हणजे उठवणारा तेव्हाही सार्वजनिकच, फक्त मालक बदलला. विजेचा दिवा आला, रात्रपाळी आली, मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग रात्रीही खडखडू लागले. इशानंतरची शांतता गेली. शेवटी गजर प्रत्येकाच्या उशाशी आला, आणि जे काम बिलाल, शेजारी, मुवक्कित आणि अख्खी वस्ती मिळून करत होती, ते एका झोपाळू अंगठ्यावर येऊन पडले. तो अंगठा हरला की माणूस म्हणतो, माझी श्रद्धा कच्ची.

इशा आणि फज्र या दोन नमाजा ढोंगी माणसाला सर्वांत जड जातात, अशी हदीस आहे. त्या मुलाला तीच टोचत होती. आम्ही त्याला विचारले, "खोलीत कोण कोण आहे?" म्हणाला, पाच जण, दोघे फज्रला उठतात. "मग ते उठवत नाहीत?" तर म्हणाला, "मी उशिरा येतो म्हणून ते दिवासुद्धा लावत नाहीत, पाय न वाजवता जातात." "तू सांगितलंस का त्यांना, मला उठवा म्हणून?" तो गप्प. मग हळूच म्हणाला, "लाज वाटते."

इतिहासाचे उत्तर इथे स्पष्ट आहे. बिलालना जबाबदारी मागून दिली होती, ती आपोआप आली नव्हती. मागावे लागते. साडेअकरानंतर फोन हातात न धरता झोपणे, पाळी दुपारची असेल तर निघण्याआधी तास-अर्धा तास पडणे, हे त्याचे काम. खांद्याला हात लावून हलवणे हे खोलीतल्या दोघांचे. आणि एखाद्या दिवशी सगळेच झोपले, तर खैबरची वाट आठवावी : उठावे, जागा बदलावी, नमाज पढावी.

आज तो सभागृहात दिसला नाही. पाळीवर असेल. थांबतो.