नाव हिंगोलीचं, आडनाव सागरचं

आमच्या हिंगोली जिल्ह्यात 'नामदेव' हा शब्द फॉर्मच्या पहिल्या रकान्यात लिहितात. त्यापुढे वडिलांचं नाव आणि मग आडनाव. ते शिंदे असेल, जाधव असेल, राठोड असेल, कांबळे असेल. मध्य प्रदेशातल्या सागर, जबलपूरकडे जा, तोच शब्द शेवटच्या रकान्यात सापडतो. तिथे नामदेव हे आडनाव आहे. 'सत्या' सिनेमातला राजकारणी भाऊ आठवतो ना? ती मराठी भूमिका करणारे गोविंद नामदेव मूळ सागरचे. मराठी माणसाला त्यांचं नाव ऐकून वाटतं, आडनाव सांगायचं राहिलं की काय. राहिलेलं नाही. नामदेव हेच ते आडनाव.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकच शब्द एका राज्यात एका कॉलममध्ये आणि दुसऱ्या राज्यात दुसऱ्याच कॉलममध्ये दिसला की आमच्या धंद्यात आधी डेटा तपासतात. इथे डेटा बरोबर आहे. शब्दच सातशे वर्षांत एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेला आहे. तो कसा गेला आणि जाताना त्याचं काय झालं, ही या लेखाची गोष्ट.

आधी आडनावं साधारण कशी वागतात ते पाहू. या अभ्यासात ब्रिटनमध्ये बरंच काम झालंय. हेन्री गप्पी नावाच्या माणसाने 1890 साली कोणतं आडनाव कोणत्या परगण्यात जास्त आढळतं याचं जाडजूड पुस्तकच काढलं. तिथे गृहीतक असं, की आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी ते एकाच गावातून, कदाचित एकाच पूर्वजापासून आलं असण्याची शक्यता जास्त. 2000 साली ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी हे स्वतःच्याच आडनावावर तपासलं. साइक्स म्हणजे ओहोळ. यॉर्कशायर भागातलं हे आडनाव. त्यांनी साइक्स आडनावाच्या, एकमेकांशी नातं माहीत नसलेल्या पुरुषांचे नमुने घेतले. वडिलांकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र जवळजवळ निम्म्या लोकांत एकाच घडणीचं निघालं. म्हणजे बऱ्याच साइक्स मंडळींचा खापरपणजोबा एकच असावा. आडनाव म्हणजे रक्ताची पावती, असा हा हिशेब.

आपल्याकडची 'कर' लावलेली आडनावं थोडी वेगळी चालतात. नांदेडमध्ये सगळेच नांदेडचे, तिथे स्वतःला नांदेडकर म्हणवून ओळख पटत नाही. नांदेड सोडून कुणी हैदराबादला किंवा पुण्याला गेला, की तिथले लोक त्याला नांदेडकर म्हणणार. अशी आडनावं सुटलेल्या गावाची आठवण असतात.

नामदेव हे आडनाव या दोन्ही हिशेबांत बसत नाही. ते गावाचं नाव नाही. आणि आपण पुढे बघू, ते रक्ताचीही पावती नाही.

संत नामदेवांचा जन्म 1270 सालचा. हिंगोली तालुक्यात कयाधू नदीकाठी नरसी नावाचं गाव आहे. नरसी बामणी हे जुनं नाव, आता सगळे नरसी नामदेव म्हणतात. गावाने आपल्या मुलाचं नाव आडनावासारखं मागे लावून घेतलं, असंही म्हणता येईल. जन्मगावाबद्दल कऱ्हाडजवळच्या नरसिंगपूरचाही दावा सांगितला जातो, पण आमच्याकडे नरसीबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. आयुष्य बरंचसं पंढरपुरात गेलं आणि 1350 साली तिथेच समाधी. विठ्ठल मंदिराच्या दारातली नामदेव पायरी प्रत्येक वारकऱ्याला माहीत असते.

नामदेवांचं आडनाव काय होतं? परंपरा रेळेकर सांगते. पण हे उत्तर किती जणांना येईल? तेराव्या शतकातल्या माणसाला आडनावाची गरजच फारशी नव्हती. नाव, बापाचं नाव आणि धंदा एवढ्यावर काम भागत होतं. ज्ञानदेव, नामा शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी. जनाबाईने तर स्वतःची ओळख नामयाची दासी अशीच सांगितली. ती परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. तिच्याही ओळखीत नामदेवांचं नाव आडनावाच्या जागी बसलेलं दिसतं.

पंढरपुरात नामदेवांच्या वंशजांची घराणी आजही आहेत. त्यांचं आडनाव रेळेकर नाही आणि नामदेवही नाही. ते नामदास. म्हणजे ज्यांच्याकडे रक्ताचा वारसा सांगितला जातो, त्यांनी नामदेव हे आडनाव घेतलेलं नाही. ज्यांनी ते घेतलं, ते शेकडो किलोमीटर लांबचे, वेगळी भाषा बोलणारे लोक आहेत.

नाव असं दुसऱ्यांनी वापरायची सुरुवात आडनावांच्याही आधी झाली होती. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. नामदेवांची मुद्रा 'नामा'. पुढच्या शतकांत ही मुद्रा इतरही कवींनी वापरली. सोळाव्या शतकातला, महाभारत मराठीत आणणारा विष्णुदास नामा हा त्यांतला प्रसिद्ध. नामदेव गाथेतलं कोणतं पद कोणत्या नाम्याचं, यावर अभ्यासकांचा वाद संपलेला नाही. अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेत्झ्के यांनी 2008 साली नामदेवांवर पुस्तक लिहिलं. नामदेव ही एका माणसाइतकीच, अनेकांनी मिळून जपलेली सार्वजनिक आठवण आहे, असा त्यांचा मुद्दा. आमच्या भाषेत सांगायचं तर हा ओपन सोर्स प्रकल्प होता. मूळ लेखक एक, पुढे भर घालणारे अनेक, आणि नाव मात्र मूळ लेखकाचंच.

आता हे नाव उत्तरेत कसं पोहोचलं ते पाहू. वारंगा फाट्यावर उभं राहिलं की तीन रस्ते दिसतात. एक कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, तिथून पुढे नरसी. दुसरा अर्धापूरवरून नांदेडला. तिसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळ करत नागपूरच्या दिशेला, आणि नागपूर ओलांडलं की मध्य प्रदेश. हा फाटा आणि हे हायवे अर्थातच नंतरचे. पण आपल्या शब्दाची तीन रूपं याच तीन दिशांना सापडतात. नरसीकडे ते पहिलं नाव आहे. नागपूरपलीकडे आडनाव. आणि नांदेडला?

नांदेडला ते ग्रंथात आहे. गुरू गोविंदसिंगांचा देह 1708 साली नांदेडला ठेवला गेला. सचखंड हुजूर साहिबमध्ये ज्या गुरू ग्रंथसाहिबापुढे लोक माथा टेकतात, त्यात भगत नामदेवांची 61 पदं आहेत. गुरू अर्जुनदेवांनी 1604 साली मूळ ग्रंथ सिद्ध केला, तेव्हाच ही पदं त्यात आली. परंपरा सांगते की नामदेव उतारवयात पंजाबात राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे त्यांचं तिथलं स्थान. 2015 सालचं 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानमध्ये भरलं होतं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. नांदेडला आलेले पंजाबचे भाविक वाट वाकडी करून नरसीलाही येतात, ते यामुळेच.

ग्रंथसाहिबातल्या पदांत नामदेव स्वतःची जात सांगतात. तिथे शब्द येतो 'छीपा', म्हणजे कापडावर छाप उठवणारा. मराठीत शिंपी, उत्तरेत छीपा. त्यामुळे उत्तरेत नामदेवांवर हक्क सांगणारे समाज एकाहून जास्त झाले. कपडे शिवणारे दर्जी आणि कापड छापणारे छिपा, दोघांनीही त्यांना आपला पूर्वज मानलं. राजस्थानात नामदेव छिपा अशी ओळख सांगितली जाते. पंजाबात छिंबा समाज नामदेवांना मानतो. आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, बुंदेलखंड या पट्ट्यात नामदेव हे सरळ आडनावच झालं. रोमन लिपीत कुणी ते शेवटी 'व्ही' लावून लिहितं, कुणी 'ओ'.

श्रद्धेचं नाव आडनाव का झालं? याला एक सरकारी कारण आहे. इंग्रजांनी 1871-72 पासून जनगणना सुरू केली आणि त्यात जात विचारली. 1901 च्या जनगणनेत हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने जातींची सामाजिक दर्जानुसार उतरंड लावायला घेतली. कोण वर, कोण खाली, हे सरकारी पुस्तकात छापलं जाणार म्हटल्यावर देशभर जातिसभा उभ्या राहिल्या, अर्ज गेले. आम्हाला या नावाने लिहा, त्या नावाने लिहू नका. धंद्यावरून पडलेली, हिणवून उच्चारली जाणारी नावं टाकून लोक सन्मानाची नावं शोधू लागले. कुणी क्षत्रिय वंश सांगितला, कुणी देव, कुणी ऋषी, कुणी संत. सुतार-लोहार विश्वकर्मा झाले. उत्तरेत नाभिक समाजाने सेन हे नाव घेतलं, ते संत सेनांवरून. वाल्मीकि आणि रविदासिया ही नावं याच वाटेवरची. दर्जी-छिपा समाजांकडे तर आधीपासूनच एक संत होता, पंजाबपासून पंढरपूरपर्यंत ज्याची पदं गायली जात होती. शाळेचा दाखला, नोकरीचा अर्ज, मतदार यादी, सगळीकडे शेवटचा रकाना रिकामा चालत नव्हता. त्यात नामदेव आलं.

साइक्स मंडळींशी तुलना करून पाहा. तिथे पूर्वजाने वंशजांना आडनाव दिलं. इथे लोकांनी पूर्वज निवडला. डीएनए तपासून यातलं काही हाती लागणार नाही, कारण नातं रक्ताचं नाहीच. शिंप्याच्या घरात जन्मलेला एक माणूस देवाशी बरोबरीने बोलला, ही गोष्ट ज्यांना आपली वाटली, ते त्याच्या नावाचे झाले. माझ्या मते आडनाव मिळवायची ही पद्धत वंशावळीपेक्षा कमी दर्जाची मुळीच नाही.

पण इथे एक पेच आहे.

हिंगोलीपासून जवळच औंढा नागनाथ आहे. तिथली कथा आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हाकललं, म्हणून ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. ग्रंथसाहिबातही नामदेवांचं याच अर्थाचं पद आहे. हाकलण्याचं कारण त्यात स्पष्ट आहे. जात.

ज्या माणसाला जातीवरून उठवलं, त्याचं नाव पुढे लोकांनी जातीचा अपमान पुसण्यासाठी घेतलं. आणि काही पिढ्यांत तेच नाव जातीची खूण झालं. मध्य प्रदेशच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत दर्जी, छिपी यांच्या नोंदीतच नामदेव हे नावही येतं. तिथे कुणी स्वतःचं आडनाव नामदेव सांगितलं की समोरच्याला जे कळायचं ते कळतं. महाराष्ट्रातही 'नामदेव शिंपी' हे एका समाजाचं नाव आहे. यात त्या समाजांचा दोष नाही. आपल्या देशात शेवटचा रकानाच असा आहे, की त्यात काहीही भरलं तरी वाचणारा जात वाचतो. उद्या त्यात नुसता आकडा भरायला लावला, तरी कोणता आकडा कुणाचा हे लोक महिन्याभरात शोधून काढतील.

आता पहिल्या रकान्याकडे या. महाराष्ट्रात नामदेव हे पहिलं नाव मराठ्यांत आहे, माळ्यांत आहे, धनगरांत आहे, बंजाऱ्यांत आहे, बौद्धांत आहे. 1972 साली दलित पँथरच्या स्थापनेत पुढे असलेल्या कवीचं नाव नामदेव ढसाळ होतं. नुसतं 'नामदेव' ऐकून समोरचा कोण, हे महाराष्ट्रात कुणालाही सांगता येत नाही. बारशाला हे नाव ठेवताना कुणी जात विचारली नाही. सातशे वर्षं ते सगळ्यांचं राहिलं, कारण ते कुणा एकाच्या कुळाला चिकटलं नाही. प्रत्येक पिढीत ते नव्याने ठेवावं लागलं.

आडनावाचं उलट असतं. ते एकदा घेतलं की पुढच्यांना आपोआप मिळतं. त्यामुळे ते टिकतं, आणि त्यामुळेच ते बंद होतं. बाहेरच्याला त्यात सहज येता येत नाही.

हे मला कामाच्या निमित्तानेही रोज दिसतं. आमच्या क्षेत्रातले बहुतेक फॉर्म आडनाव भरल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात जात नसते, फक्त रकाना असतो. पण लग्न जुळवणाऱ्या ॲपवर, भाड्याच्या घराच्या चौकशीत, ऑफिसात नवीन आलेल्याला 'पूर्ण नाव काय?' विचारताना वाचला जातो तो हाच रकाना. रिस्लेची वही जाऊन सव्वाशे वर्षं झाली. तिचं काम आता सबमिट बटणाच्या वर असलेली एक लाल चांदणी करते.

नामदेवांना या रकान्याची गरज पडली नव्हती. रेळेकर हे आडनाव त्यांना उपयोगी पडल्याचं कुठे ऐकिवात नाही. औंढ्याला उठवलं तेव्हा ते वाचवू शकलं नाही आणि पंजाबात पदं गायला ते लागलं नाही. पुढे उरलं ते नुसतं नाव. सागरच्या लोकांनी ते मान म्हणून शेवटी लावलं, आमच्या लोकांनी लाड म्हणून आधी ठेवलं. दोघांचं प्रेम सारखंच. फरक इतकाच, की आमच्याकडे उद्या कुठल्याही घरात जन्मलेलं पोर नामदेव होऊ शकतं.

अलीकडे मात्र पोरांची नावं रिआन आणि कियान ठेवतात. नामदेव आता आजोबांच्या पिढीत उरलाय. पहिल्या रकान्यातलं नाव प्रत्येक पिढीने नव्याने ठेवावं लागतं असं वर म्हटलं, त्याची ही दुसरी बाजू. आणखी पन्नास वर्षांनी हिंगोलीतल्या यादीत नामदेव शोधावा लागेल आणि सागरच्या यादीत तो ठळक सापडेल. ज्या नावाने आमच्याकडे जातींची कुंपणं ओलांडली, ते आम्ही ठेवायचं बंद केलं तर ते फक्त कुंपणाच्या आत शिल्लक राहील. कुणाच्या घरी बारसं असेल तर एवढं लक्षात ठेवा.