पिंपरी-चिंचवड

पिंपरी-चिंचवड : महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील एक प्रमुख औद्योगिक शहर. लोकसंख्या सु. १७.२७ लक्ष (२०११). हे पुणे शहराच्या वायव्येस मुंबई-पुणे लोहमार्गावर व महामार्गावर वसले आहे. पवना नदी शहराच्या मध्यातून वाहत जाऊन दापोडीजवळ मुळेस मिळते. उत्तर सीमेवरून इंद्रायणी वाहते. पुण्याचे उपनगर म्हणून वाढू लागलेल्या या वस्तीने पुढे स्वतंत्र महानगराचे रूप धारण केले. जुन्या शहराच्या शेजारी नवे शहर कसे उभे राहते आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागते, या दृष्टीने त्याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

शहराच्या घटक गावांपैकी चिंचवडला प्राचीन परंपरा आहे. गणेशभक्त सत्पुरुष मोरया गोसावी यांची समाधी येथे पवनाकाठी असून गाणपत्य संप्रदायाचे हे महत्त्वाचे केंद्र मानले जाते. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँड या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू मूळचे चिंचवडचेच. पिंपरी, आकुर्डी, भोसरी ही मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतीवर जगणारी साधी खेडी होती. खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू होऊनही त्यांच्या जीवनक्रमात फारसा पालट झाला नाही. फाळणीनंतर पिंपरी येथे सिंधी निर्वासितांची छावणी वसली. बाहेरून आलेल्या लोकांची ही पहिली मोठी वसाहत असून ‘पिंपरी कँप’ या नावाने ती बाजारपेठ म्हणून भरभराटीस आली.

औद्योगिक युगाचा आरंभ हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्यात पुढील वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) येथे मोठ्या प्रमाणावर जमीन संपादन करून भूखंड पाडले. मुंबईतील उद्योगांची दाटी कमी करण्याचे शासनाचे धोरण, मुंबईशी असलेले लोहमार्गाचे व रस्त्याचे दळणवळण, पवनेचे पाणी आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या जुन्या उद्योगांमुळे पुणे परिसरात तयार झालेला कुशल कामगारवर्ग, ही या वाढीची प्रमुख कारणे होत. आकुर्डी येथे बजाज ऑटोची स्कूटर तयार होऊ लागली. टेल्कोच्या (सध्याची टाटा मोटर्स) पुणे प्रकल्पाची उभारणी सुमंत मूळगावकर यांच्या देखरेखीखाली झाली. कारखान्याच्या आवारात वृक्षराजी व जलाशय निर्माण करण्याकडेही त्यांनी लक्ष पुरविले. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लघुउद्योग भोसरी व चिंचवडच्या औद्योगिक गाळ्यांतून निघाले. त्यांपैकी कित्येकांचे मालक पूर्वी मोठ्या कारखान्यांतच कारागीर होते.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन (१९४७–५१) यांसारखी उपनगरे उभी राहिली. तेथे राहण्याचे ठिकाण उपनगरात व नोकरी मूळ शहरात, अशी विभागणी होती. पिंपरी-चिंचवडचा क्रम याच्या उलट आहे. येथे कारखाने आधी आले व घरे मागाहून. प्रारंभी अनेक कामगार पुण्यातून आगगाडीने, बसने वा सायकलीवरून पाळीवर येत असत. सातारा, सोलापूर, अहमदनगर (आता अहिल्यानगर) या जिल्ह्यांतून तसेच मराठवाडा, खानदेश व विदर्भ या भागांतून, त्याचप्रमाणे परप्रांतांतून आलेल्या कामगारांना मात्र कारखान्याजवळच निवारा शोधावा लागला. गावठाणांतील भाड्याच्या खोल्या आणि औद्योगिक भूखंडांलगतच्या झोपडपट्ट्या यांची वाढ त्यातून झाली.

ही निकड ओळखून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका स्थापन करण्यात आली आणि १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. कामगारांना वाजवी किंमतीत घरे मिळावीत व क्रमांकित पेठांचे नियोजनबद्ध नगर उभारावे, हा प्राधिकरणाचा हेतू होता. निगडी परिसरातील रुंद रस्त्यांच्या व झाडीच्या वसाहती ही त्याची फलश्रुती होय. तथापि संपादित जमिनीच्या मानाने घरबांधणीचा वेग कमी पडला. रिकाम्या वा आरक्षित जमिनींवर गुंठ्यागुंठ्याने व्यवहार होऊन विनापरवाना घरे उभी राहिली. ती बांधणारे बहुधा त्याच कामगारवर्गातील होते, ज्यांच्यासाठी प्राधिकरण निर्माण झाले होते. अशा घरांवर आकारल्या जाणाऱ्या शास्तीकराचा प्रश्न दीर्घकाळ धुमसत राहून २०२३ मध्ये शासनाने थकित शास्तीकर माफ केला. दुसऱ्या बाजूस, ज्यांच्या शेतजमिनी गेल्या त्या मूळ खातेदारांची साडेबारा टक्के परताव्याची मागणी अनेक दशके रेंगाळली. प्राधिकरण २०२१ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन करण्यात आले.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. कारखान्यांच्या मालावरील जकातीमुळे तिची गणना संपन्न नगरसंस्थांत होऊ लागली. जकात २०१३ मध्ये रद्द झाली. चिखली, मोशी, चऱ्होली, रावेत, पुनावळे आदी अठरा गावे १९९७ मध्ये पालिकेच्या हद्दीत समाविष्ट करण्यात आली. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये पाच लक्षांवर होती. ती २००१ मध्ये दहा लक्षांच्या पुढे गेली.

पाण्याच्या प्रश्नाने शहर व ग्रामीण भाग यांतील ताण उघड केला. शहराला मावळातील पवना धरणातून नदीवाटे येणारे पाणी रावेत बंधाऱ्यातून उचलून पुरविले जाते. धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकरी मृत्युमुखी पडले व योजनेचे काम थांबले. वाढत्या मागणीमुळे २०१९ च्या अखेरीस शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू करण्यात आला.

एकविसाव्या शतकात शहराचे स्वरूप पालटत गेले. अवजड उद्योगांचा ओघ चाकण व तळेगावकडे वळला. आकुर्डीतील बजाजचे वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्याच परिसरात २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा कारखाना सुरू झाला. हद्दीबाहेरील हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान संकुलामुळे वाकड व लगतच्या गावांत उंच इमारती उभ्या राहिल्या. परिणामी या भागास लेव्हिटटाउनसारखे निवासी उपनगराचे रूप आले. २०१८ मध्ये शहरास स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले आणि ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते फुगेवाडी या टप्प्यावर मेट्रो धावू लागली.

येथील संस्कृती बहुतांशी स्थलांतरितांनी घडविलेली असली, तरी जुन्या परंपरेशी तिचे नाते तुटलेले नाही. देहूहून पंढरपूरकडे निघणारी संत तुकारामांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि कारखान्यांच्या रस्त्यांवरून वारकऱ्यांच्या दिंड्या जातात. ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत भरले होते. पुण्याच्या जोडीने उल्लेख होत असला, तरी स्वतःचा कारभार, स्वतःचा उद्योग आणि चार-पाच दशकांत येथेच रुजलेली कामगारांची दुसरी-तिसरी पिढी यांमुळे या शहरास वेगळे व्यक्तिमत्त्व लाभले आहे.