ठेकेदार निवडायची गोंडराजाची पद्धत

सध्या माझ्या वयाच्या निम्म्या मित्रांच्या घरात हातोडे चालू आहेत. कुणी बाथरूम फोडलंय, कुणी बाल्कनी आत घेतोय, कुणाचं मॉड्युलर किचन चाललंय. सगळ्यांचा प्रश्न एकच: "एखादा भरवशाचा कॉन्ट्रॅक्टर आहे का रे ओळखीत?" प्रश्न जुनाच आहे. काम आपल्याला कळत नाही, ज्याला कळतं त्याचा भरवसा वाटत नाही आणि पैसे तर आपलेच जाणार असतात. या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात भारी उत्तर नागझिऱ्याच्या आसपासचं आहे, म्हणून हा शनिवारचा उद्योग.

नागझिऱ्याला आपण जातो ते वाघ बघायला. 1970 मध्ये अभयारण्य झालं, 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. जाता-येता ठिकठिकाणी तळी लागतात, आपण त्यांचे फोटो काढतो आणि पुढे जातो. पण या मुलखातली बहुतेक तळी निसर्गाने दिलेली नाहीत. दोन टेकाडांच्या मधे मातीची पाळ घालून माणसांनी अडवलेलं पावसाचं पाणी आहे ते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत. सरकारी नाव 'माजी मालगुजारी तलाव', लोकांचं नाव 'मामा तलाव'.

यातले मोठे तलाव बांधण्याचं श्रेय मुख्यतः जातं कोहळी समाजाकडे. धान आणि ऊस पिकवणारी ही शेतकरी मंडळी. दंतकथा अशी, की एक गोंड राजपुत्र काशीला गेला, तिथे त्याने यांचं काम पाहिलं आणि यांना इकडे घेऊन आला. दंतकथा बाजूला ठेवली तरी 1916 साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळ्यांची ओळखच वैनगंगा खोऱ्यातले तलाव बांधणारे अशी करून दिली आहे.

आता खरी गंमत. राजाने यांना पैसे कसे दिले? चांद्याच्या (म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या) परंपरेत हीरशहा या गोंडराजाच्या नावावर एक योजना सांगतात. जो तलाव बांधेल, त्याला त्या तलावाच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी इनाम. अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपुरात आजही तुकूम नावाचा भाग आहे.

हा करार जरा इंजिनियरच्या नजरेने बघा. ॲडव्हान्स नाही. किती माती टाकली, किती मजूर लावले यावर बिल नाही. मोजमाप फक्त शेवटच्या निकालाचं: पाणी किती जमिनीला पोचलं? पाळ गळकी निघाली तर जमीन कमी भिजणार, म्हणजे मेहनतानाही कमी. आणि तो काही एका हप्त्यात मिळत नाही, दरवर्षीच्या पिकातून मिळतो. त्यामुळे देखभालही बांधणाराच करणार. शिवाय तो राहणार त्याच तलावाखालच्या गावात. पाळ फुटली तर पहिलं शेत त्याचंच जाणार! आपल्या धंद्यात सांगायचं तर, ज्याने कोड लिहिला त्याच्याच गळ्यात जन्मभराचा सपोर्ट. मग कोड कसा लिहिला जाईल, तुम्हीच सांगा :-)

कामही तसंच झालं. मातीच्या पाळीवरून पाणी वाहिलं की ती कापली जाते, म्हणून जादा पाणी बाजूने काढून द्यायला सांडवा. शेताला पाणी सोडायला 'तुडुम', म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर भोकं असलेली मोरी. पातळी उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा, म्हणजे एकाच कामात तलाव साफ आणि शेताला खत.

नवेगाव बांध हा या सगळ्यातला सचिन तेंडुलकर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याचा घेर 17 मैल दिला आहे. भोवतीच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात, बांध घालायला त्यांनी मदत केली अशी लोकांची श्रद्धा. आणि कोलू पाटलांचा पुढे 'कोलासूर' हा देव झाला. काम बघून गिऱ्हाइकांनी ठेकेदाराचा देव केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता याच्या बरोब्बर उलटं उदाहरण. बोरघाटातली रेल्वे. 1855 मध्ये ठेका विल्यम फॅविएल या इंग्रज कंत्राटदाराला मिळाला. माणूस नवखा नव्हता, मुंबई-ठाणे लाइनच्या ठेक्यातही तो होता. पण त्याच्याखाली पोटठेकेदार आणि त्यांच्याखाली हजारो मजूर. मजुरी थकली, 1859 च्या जानेवारीत दंगल झाली आणि त्याच वर्षी फॅविएलने काम सोडलं. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला. ठेका पुढे त्याची बायको ॲलिस हिने चालवला आणि 1863 मध्ये घाट खुला झाला. पण 1867 मध्ये घाटातला एक मोठा कमानींचा पूल कोसळला आणि दगडी कामाच्या दर्जावर ठपका आला. ज्यांनी दगड रचले ते तोवर पांगलेले होते. त्या पुलाखाली राहणारं त्यांच्यापैकी कोण होतं?

पण गोंडराजाच्या पद्धतीला उगाच डोक्यावर घेऊ नये. राजाकडे पडीक जमीन भरपूर होती म्हणून हे जमलं. आणि टोपल्या वाहणाऱ्यांना तुकूम मिळाली नाही, ती मिळाली पुढाऱ्याला. 1860 च्या दशकात इंग्रजांच्या जमीनबंदोबस्तात मालगुजार गावांचे मालकच झाले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. पण त्यासोबत तलाव सरकारजमा झाले आणि पाळ दुरुस्त करण्यात ज्याचा स्वार्थ होता तो माणूसच चित्रातून गेला. पुढे छोटे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाळ साचत गेला, बेशरमाची झुडपं माजली, अतिक्रमणं झाली. म्हणजे करार मोडताना त्यातला अन्याय काढला, पण जबाबदारी नव्याने कुणाला जोडून दिलीच नाही.

मग टू बीएचके वाल्यांनी यातून काय घ्यावं? कॉन्ट्रॅक्टरला बेडरूम इनाम देता येत नाही. पण:

1. पैसे दिवसांवर नाही, निकालावर द्या. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावण्याआधी पाणी भरून दोन दिवस ठेवा. खालच्यांचं छत कोरडं राहिलं तरच तो हप्ता. (हा आपला तलावच झाला!)

2. पाच-दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा आणि हे आधीच लिहून घ्या. सरकारी कामांतही अनामत अशीच अडकवून ठेवतात. नव्या फ्लॅटसाठी 2016 च्या रेरा कायद्याने बिल्डरवर पाच वर्षांची जबाबदारी टाकली आहे, पण तुमच्या किचनवाल्यावर ती आपोआप येत नाही.

3. मागच्या महिन्यातल्या कामाचे फोटो बघू नका. दोन पावसाळे काढलेलं काम जाऊन बघा, घरमालकाशी बोला.

4. प्रत्यक्ष हात कुणाचे लागणार आहेत ते विचारा. गवंडी आणि प्लंबर यांचे पैसे वेळेवर मिळतात का, तेही. बोरघाट आठवा.

5. जवळ राहणारा, त्याच भागात पुढची कामं मिळवायची असलेला माणूस दोन पैसे महाग पडला तरी चालेल. रोज तुमच्या सोसायटीच्या गेटवरून जाणारा माणूस फोन बंद करून किती दिवस बसेल?

असो, लांबलं जरा. नागझिऱ्याला गेलात आणि वाघाने दर्शन नाही दिलं, तर एक चक्कर नवेगाव बांधाची मारा. पाळीवर उभे राहा आणि पाण्याकडे पाठ करून खालच्या धानाच्या बांध्यांकडे बघा. ठेकेदाराचा मेहनताना समोरच पसरलेला दिसेल.